चौतीस मिनिटांचा फरक

सासऱ्यांच्या टेबलावरची पेन्सिल गेल्या सोमवारी अकरा सेंटिमीटर होती. या सोमवारी ती साडेनऊ भरली. तिने मुद्दाम मोजली नव्हती. धूळ पुसताना पेन्सिल पट्टीच्या शेजारी ठेवली गेली, आणि पट्टीच्या शेजारी ठेवलेली वस्तू न मोजता उचलणं तिला आजवर कधी जमलं नव्हतं. पण एकदा मोजल्यावर आकडा डोक्यातून जाईना. सासरे दिवसाला एकच नोंद करत. संध्याकाळी जेवायला बसलं की ते तिला विचारत, "आज किती?" ती सांगे ते तास आणि मिनिटं ते आपल्या पिवळ्या पुठ्ठ्याच्या मोजणीवहीत टिपत, आणि मग पोळीचा पहिला तुकडा मोडत. आठवड्याला सात नोंदी. रोज टोक काढलं असं धरलं तरी टणक शिशाची पेन्सिल सात नोंदींत दीड सेंटिमीटर झिजत नाही.

म्हणजे बाबा आणखी काहीतरी लिहीत होते, आणि ते तिला सांगत नव्हते.

तिने पेन्सिल होती तशी, खिडकीच्या चौकटीला समांतर, ठेवून दिली. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

ती एका विमान कंपनीत मार्ग आखायचं काम करी. खिडकी नसलेल्या एका लांबट खोलीत, वाऱ्यांच्या नकाशांसमोर बसून, कुठलं विमान कुठून न्यायचं, किती उंचीवरून, किती इंधन घालून, आणि त्याला किती वेळ लागेल हे ठरवायचं. घरच्यांच्या दृष्टीने त्यातल्या एकाच विमानाला महत्त्व होतं. सकाळी आठ चाळीसला इथून निघून धाकट्या दिराच्या शहरी जाणाऱ्या विमानाला. ते शहर पश्चिमेला, पृथ्वीच्या पाठीवरून सरळ मोजलं तर सात हजार सातशे वीस किलोमीटरवर. घड्याळ पाच तास मागे. धाकट्याने तिथे गेल्या वर्षी घर घेतलं. तळमजल्यावर एक खोली काढली, खोलीबाहेर दोन पायऱ्यांची बाग केली आणि बाबांना कायमचं राहायला बोलावलं.

"कागद तर करून ठेवू," तेव्हा सगळेच म्हणाले होते. कागद झाले. तिथे राहायचा परवानाही आला, या महिन्याच्या अखेरीपर्यंत तिथे पाऊल टाकायचं या अटीवर. मधल्या काळात बाबांच्या डाव्या पोटरीत रक्ताची गुठळी झाली, ती औषधांनी विरघळली, आणि डॉक्टर म्हणाले, "आता लांबचा प्रवास जपून. एका जागी दहा तासांच्या वर बसायचं नाही."

त्या दिवसापासून घरात प्रश्न विचारला जाऊ लागला, "आज किती?" आणि आठ महिने जायचं की नाही हे घोंगडं भिजत पडलं. तिचं उत्तर रोज दहाच्या वर असे. दहा अठरा. दहा चोवीस. एकदा वारा पडला होता तेव्हा दहा नऊ. बाबा "हं" म्हणत आणि लिहीत. नवरा ताटात बघत राही. कुणीच पुढे काही बोलत नसे, आणि आता महिना संपायला तेरा दिवस उरले होते.

*

बुधवारी कंपनीची यंत्रणा संध्याकाळी दुरुस्तीसाठी बंद ठेवली होती, म्हणून ती नेहमीपेक्षा लवकर घरी आली. कुलूप उघडून आत पाऊल टाकते तोच आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला. फोनवर बोलताना ते नेहमी मोठ्याने बोलत, जणू सात हजार किलोमीटर आवाजानेच कापायचे आहेत. आज आवाज दबका होता.

"एक त्रेचाळीस. नक्की ना? ... बरं. ... नाही, नाही, तिला यातलं काही बोलू नकोस. मी बघतो तिचं काय ते."

तिने दार मुद्दाम आवाज होईल असं लावलं. आत फोन ठेवल्याचं कळलं.

"लवकर आलीस?" बाबा बाहेर येत म्हणाले. त्यांच्या हातात काही नव्हतं, पण उजव्या हाताच्या करंगळीखाली शिशाचा करडा डाग होता.

"यंत्रणा बंद आहे. कोण होतं फोनवर?"

"धाकटा. सहज."

"या वेळी? तो कामावर असतो ना आता?"

"जेवणाच्या सुट्टीत असतो माणूस," बाबा म्हणाले आणि पाणी प्यायला गेले.

तिने घड्याळ पाहिलं. पावणेसात होऊन चार मिनिटं झाली होती. तिकडे पावणेदोन. धाकटा विमानतळाच्या कुंपणाला लागून असलेल्या एका रोपवाटिकेत कामाला होता आणि त्याची जेवणाची सुट्टी बाराला असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण तो तिला दर महिन्याला त्याच वेळी फोन करी.

एक त्रेचाळीस. ती हातपाय धुताना या आकड्याकडे सगळ्या बाजूंनी बघत राहिली. तिकिटावरची वेळ म्हणावी तर या शहरातून एक त्रेचाळीसला कुठलंच विमान सुटत नाही. घराचा नंबर म्हणावा तर तो तिला पाठ होता. आणि "तिचं काय ते" म्हणजे काय? चौदा वर्षं ज्या माणसाशी तिचं घरात सगळ्यात जास्त बोलणं होतं, तो तिच्या पाठीमागे तिच्याबद्दल "मी बघतो तिचं काय ते" म्हणत होता.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा बाबा नुकतेच भूमापन खात्यातून निवृत्त झाले होते. चाळीस वर्षं जमिनी मोजलेला माणूस. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला विचारलं होतं, "तुमच्या त्या विमानांच्या वेळेत चूक किती धरता?" आणि ती म्हणाली होती, "दोन टक्के." त्यावर ते इतके खूश झाले की त्यांनी स्वतः उठून चहा केला. तिचे वडील ती लहान असतानाच गेले. मोजण्यातली चूक हा विषय जेवताना काढता येतो, हे तिला या घरात आल्यावर कळलं. नवरा म्हणे, "तुम्हा दोघांच्या घरात मी म्हणजे दशांश चिन्हानंतरचा तिसरा आकडा. असलो काय, नसलो काय."

त्या संध्याकाळी बाबांनी विचारलं, "आज किती?"

यंत्रणा बंद व्हायच्या आधीचा अंदाज आणि निघायच्या वेळेची नोंद तिच्याकडे होती. बाकीचं तिने घरी आल्यावर हवामानवाल्या सहकाऱ्याला विचारून घेतलं होतं. "दहा सतरा."

बाबांनी लिहिलं नाही. आधी तिच्याकडे पाहिलं. "नक्की?"

आठ महिन्यांत त्यांनी हा शब्द पहिल्यांदा वापरला होता.

"नक्की म्हणजे काय, बाबा? नोंद आहे."

"नोंद आहे म्हणतेस तर असेल," ते म्हणाले आणि लिहिलं. पेन्सिल नेहमीपेक्षा दाबून धरली होती. तिला पुठ्ठ्याच्या वहीवर उठणारा खरखर आवाज टेबलाच्या पलीकडून ऐकू आला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची बादली बाहेर ठेवताना तिला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक रिकामं पाकीट सापडलं. घट्ट लांब मोज्यांचं. पोटरीवर दाब देणारे, लांबच्या प्रवासासाठी. पाकिटावर माप लिहिलं होतं आणि ते माप बाबांच्या पायाचं होतं.

रिकामं पाकीट एरवी कुणी वर्तमानपत्रात गुंडाळत नाही.

नवरा मागच्या खोलीत कामाला बसला होता. तो कवळ्या करी. दंतवैद्यांकडून साचे येत आणि तो त्यांत रांगेने दात बसवी. टेबलावर आठ-दहा कवळ्या आ वासून पडल्या होत्या. तिने पाकीट त्यांच्या मधोमध ठेवलं.

"हे काय आहे?"

त्याने भिंगाच्या चष्म्यातून पाकिटाकडे पाहिलं. "मोजे."

"ते मलाही वाचता येतं. कुणी आणले?"

"थंडीत बाबांचे पाय—"

"बाहेर घाम निघतोय. आणि हे थंडीचे नाहीत."

"मग बाबांना विचार ना."

"तुला विचारतेय. तू आणलेस की नाही?"

त्याने हातातला दात चिमट्यात धरून उजेडाकडे केला, मग उलटा केला, मग पुन्हा सुलटा केला. "आणले," तो म्हणाला. "त्यांनी सांगितलं म्हणून. आणि कुणाला बोलू नको म्हणाले म्हणून बोललो नाही. आता यात माझा काय गुन्हा?"

"कुणाला म्हणजे मला."

"घरात आपण तिघंच आहोत, म्हणजे तूच असणार."

"ते जायचं ठरवून बसलेत, तुम्ही तिघंही ठरवून बसलात, आणि मी मात्र रोज जेवताना तास-मिनिटं सांगत बसलेय. वेड्यासारखी."

"कुणी काही ठरवलेलं नाही," तो म्हणाला. "ठरवलं असतं तर निदान मला शांतपणे दात बसवता आले असते. अगं, हा माणूस मला दिवसाकाठी तीनदा विचारतो, 'तुझी बायको खरं बोलते का?' म्हणून. मी काय सांगू?"

तिने टेबलावरचं पाकीट उचलून चुरगळलं. "काय विचारतात?"

त्याने चष्मा काढला. आपण नको तिथे तोंड उघडलं हे त्याला उशिरा कळलं होतं. "वर जा," तो म्हणाला. "गच्चीवर आहेत. आता नऊ वाजलेत, सव्वानऊपर्यंत ते खाली येणार नाहीत. काय ते एकदाचं विचार आणि सोक्षमोक्ष लाव. मला यातून मोकळं करा."

*

बाबा रोज सकाळी उन्हाला बसायला गच्चीवर जात, हे तिला माहीत होतं. आज तिला तिथे जे दिसलं ते ऊन खाणाऱ्या माणसाचं नव्हतं. खुर्ची गच्चीच्या मध्यावर होती आणि तिचे चारही पाय फरशीवर खडूने आखलेल्या चार फुल्यांवर बरोबर ठेवलेले होते. कठड्यावर पेन्सिलीने एक उभी रेघ होती. बाबांच्या उजव्या हातात त्यांचं जुनं थांबघड्याळ, डाव्या हातात मनगटी घड्याळ, मांडीवर पिवळी वही.

"बस," ते मागे न बघता म्हणाले. "बोलू नकोस. येईल आता."

ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. पूर्वेकडून आवाज आला, वाढत गेला, आणि मग तिचं विमान, रोजचं, काल तिने ज्याचा मार्ग आखला होता ते, घरांच्या वरून चढत पश्चिमेकडे गेलं. त्याचं नाक कठड्यावरच्या रेघेच्या रांगेत आलं तसं बाबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"नऊ वाजून चार. वजा तीन मिनिटं, धावपट्टी सोडून इथवर यायला लागतात ती. नऊ वाजून एक." त्यांनी लिहिलं. "आता संध्याकाळी धाकटा सांगेल. त्याच्या रोपवाटिकेतून धावपट्टीचं टोक दिसतं. चाकं टेकली की तो घड्याळ बघतो आणि मला फोन करतो. त्याच्या वेळेत पाच तास मिळवले की झालं. दोन टोकांना दोन माणसं. आम्ही नदीची रुंदी अशीच मोजायचो."

एक त्रेचाळीसचा उलगडा झाला. त्याने तिला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

"किती दिवस चाललंय हे?"

"आज एकेचाळिसावा." त्यांनी वही तिच्यापुढे धरली.

पानावर तीन उभे रकाने होते. पहिल्यावर लिहिलं होतं 'सूनबाई', दुसऱ्यावर 'आम्ही', तिसऱ्यावर 'फरक'. कालची ओळ शेवटी होती. दहा सतरा. नऊ त्रेचाळीस. चौतीस मिनिटं. त्याच्या वर तेहेतीस, त्याच्या वर पस्तीस, चौतीस, एकतीस, चौतीस, छत्तीस. ती पान उलटत गेली. चाळीस दिवस, आणि फरक तीसच्या खाली नाही, सदतीसच्या वर नाही. तिच्या रकान्यात एकही आकडा दहाच्या खाली नव्हता. त्यांच्या रकान्यात चार-दोन सोडले तर सगळे खाली होते.

"चूक असती ना," बाबा म्हणाले, "तर कधी इकडे, कधी तिकडे झाली असती. एखाद्या दिवशी तू कमी सांगितलं असतंस. हा फरक रोज एकाच बाजूला आणि तेवढाच. चाळीस वर्षांत मी असा फरक दोनच कारणांनी बघितलाय. एक तर मोजणीची साखळीच मुळात आखूड असते, नाहीतर मोजणारा ठरवून करतो."

ते रागावलेले नव्हते. एखाद्या जमिनीच्या वादात दोन्ही पक्षांना समोर बसवून बोलत असावेत तसे बोलत होते.

"मी खोटं सांगितलेलं नाही, बाबा."

"मग साखळी आखूड आहे? सांग, माझी की तुझी?"

"दोन्ही बरोबर आहेत." ती कठड्याला टेकली. "तुम्ही चाकं उचलल्यापासून चाकं टेकेपर्यंत मोजताय. मी गेटपासून गेटपर्यंत सांगते. विमान दार लावून निघतं, रांगेत थांबतं, धावपट्टीपर्यंत जातं. तिकडे उतरल्यावर पुन्हा तेच. इथे वीस मिनिटं, तिकडे चौदा. आमच्याकडे वेळ म्हटली की हीच धरतात."

बाबा वहीवर वाकले. बोटाने तिसऱ्या रकान्यावरून खाली उतरत गेले. मग मान हलवली. हिशोब जुळत होता आणि तो जुळल्याचा त्यांना एक क्षण आनंदही झालेला तिला दिसला. मग तो मावळला.

"हे आठ महिने बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मी रोज विचारत होतो, पोरी."

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं लोखंडी दार वर सारलं.

"'किती वेळ लागला' याची उत्तरं दोन असतात हे तुला ठाऊक होतं, मला नव्हतं," बाबा म्हणाले. "एक दहाच्या वर, एक दहाच्या खाली. डॉक्टरांचे दहा बरोबर त्या दोघांच्या मधे. तू त्यातलं एकच मला देत होतीस. खोटं नाही म्हणतेस, मान्य. पण मला वाटत होतं, थोरल्याला म्हणतही होतो, की हिच्या मनात काय आहे? मी जाऊ नये असं हिला वाटतं, की मला इथेच अडकवून ठेवायला हिला कुणीतरी हवंय? घर बघायला, निरोप घ्यायला?"

"असं वाटलं तुम्हाला?"

"मोजणाऱ्यावर संशय आला की मग काहीही वाटतं."

*

दिवसभर ती वाऱ्यांच्या नकाशांसमोर बसली, पण डोळ्यांसमोर तो तिसरा रकाना होता. दुपारी तिने विमानाची जुनी नोंद उघडली. प्रत्येक दिवसाला चार वेळा लिहिलेल्या असत. गेट सोडलं, चाकं उचलली, चाकं टेकली, गेट लागलं. तिला एक दिवस आठवला, सहा महिन्यांपूर्वीचा, ज्या दिवशी हवेतला वेळ नऊ एकेचाळीस होता. तेव्हा तिचं बोट पडद्यावर मधल्या दोन आकड्यांपाशी थांबलं होतं. हे तिला स्वच्छ आठवलं. बोट तिथून उचलून तिने बाहेरचे दोन आकडे वजा केले होते, आणि घरी येऊन दहा सोळा सांगितलं होतं. सवय म्हणून, असं तिने स्वतःला तेव्हा सांगितलं होतं. सवयीने केलेल्या कामात बोट थांबत नाही.

सोमवारपासून ती घरात पाणी कुठे मुरतंय ते शोधत होती. ते तिच्याच पायाखाली होतं.

शेजारच्या टेबलावरच्या हवामानवाल्याने विचारलं, "काय हो, आज वारा नाही आणि तुमचा चेहरा मात्र वादळी?"

"दहा तास म्हणजे नक्की किती, याचा विचार करतेय."

"सहाशे मिनिटं," तो म्हणाला. "हवं तर लिहून देतो."

ती उठली आणि जिन्यात जाऊन डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर घाईत होते. मागे कुणाचं तरी लहान मूल रडत होतं. तिने सांगितलं, सासऱ्यांची पोटरी, मागच्या वर्षीची गुठळी, तुम्ही दहा तासांची मर्यादा घातली होती. ती मर्यादा विमान हवेत असल्यापासून धरायची की दार लागल्यापासून?



"दहा? मी दहा म्हणालो होतो?"

"दहाच म्हणालात. दहाच्या वर बसायचं नाही."

"अहो, तसं बोलण्याच्या ओघात म्हटलं असेन. लांबचा प्रवास जपून, एवढाच अर्थ. आठ काय, दहा काय, बारा काय. ते तेव्हाचं होतं, आता रक्ताचे सगळे रिपोर्ट चांगले आहेत. एकदा दाखवून जा, पाय बघतो, निघायच्या दिवशीची गोळी लिहून देतो. मग घट्ट मोजे, भरपूर पाणी, आणि तासातासाला उठून चालायचं. न उठता चार तास बसले तरी वाईट आणि उठत-बसत बारा तास गेले तरी चालतील. तुम्ही काय, दहा तास मिनिटांवर मोजत होतात की काय?"

"हो," ती म्हणाली.

डॉक्टर हसले. ती हसली नाही.

ती परत जागेवर आली तेव्हा साडेपाच वाजले होते. हा फोन झालाच नाही असं धरलं, तर काय बिघडणार होतं? महिना संपायला दहा दिवस. दहा वेळा दहाच्या वरचा आकडा, मग परवाना संपला असता आणि सगळं होतं तसं राहिलं असतं. जेवणाच्या टेबलावरची पिवळी वही, चहा, दोन टक्क्यांची चूक. हा विचार तिने पूर्ण होऊ दिला, शेवटच्या टोकापर्यंत, जसा एखादा मार्ग रद्द करण्याआधी ती शेवटपर्यंत तपासून बघे. मग तिने उरलेल्या वेळाची रजा टाकली आणि घरी गेली.

*

बाबा आपल्या टेबलाशी बसले होते. नवरा दारात हात पुसत उभा होता. सकाळपासून दोघं एकमेकांना टाळत असावेत, असं त्यांच्या उभं राहण्या-बसण्यावरून दिसत होतं. तिने पिशवीही खाली ठेवली नाही.

"डॉक्टरांशी बोलले मी. दहा तासांना काही अर्थ नव्हता. ढोबळ म्हणून बोलले होते ते. पाय एकदा दाखवायचा, गोळी घ्यायची, मोजे घालायचे, उठून चालायचं, पाणी प्यायचं. तुम्ही जाऊ शकता. नऊ चव्वेचाळीस असो नाहीतर दहा अठरा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग वहीकडे. त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, आवाज न करता.

"म्हणजे आठ महिने आपण लोखंडी साखळी घेऊन ढग मोजत होतो."

"तुम्ही दोघं," नवरा म्हणाला. "मला यात धरू नका. मी फक्त मोजे आणले."

"आणखी एक," ती म्हणाली. आता थांबलं तर पुन्हा बोलणं होणार नाही हे तिला कळत होतं. "मला मधला आकडा माहीत होता. तो मी सांगितला नाही. तुम्ही जाऊ नये असं वाटत होतं म्हणून. घर बघायला कुणी हवं म्हणून नाही. तुम्ही गेलात तर 'आज किती' असं मला कुणी विचारणार नाही, म्हणून."

बाबांचं हसणं थांबलं. त्यांनी पेन्सिल उचलली, तिचं टोक बघितलं, परत ठेवली.

"हे आधी बोलली असतीस तर," ते म्हणाले, "मी एकेचाळीस दिवस गच्चीत बसलो नसतो. पण मीही काय केलं? जायचं की राहायचं ते मला ठरवेना, म्हणून आकड्यावर टाकलं. दहाच्या वर निघाला की धाकट्याला सांगायचं, बाबा रे, डॉक्टर नको म्हणतात. खाली निघाला की तुला सांगायचं, काय करणार, आता कारण उरलं नाही. कुणाच्याच तोंडावर काही बोलायला नको. आणि मग तुझ्यावरच संशय घेतला." त्यांनी मान हलवली. "निवृत्तीनंतरची चौदा वर्षं मी इथे आहे. धाकट्याचं घर मी फोटोतल्या फरशा मोजून बघितलंय. खोली बारा बाय दहाची आहे."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. सहा वाजून सत्तेचाळीस. बाबांनी तो उचलून कानाला लावला नाही. सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावरच चालू केला.

"बाबा," धाकट्याचा आवाज आला, मागे पाण्याच्या फवाऱ्याची सुरसुर. "एक सेहेचाळीस. आत्ताच टेकलं. लिहून घ्या. आणि वहिनीला काही बोललात का?"

"वहिनी इथेच उभी आहे," बाबा म्हणाले.



बाबांनी पिवळी वही मिटली आणि पेन्सिल तिच्यावर आडवी ठेवली. मग खुर्ची थोडी वळवून, फोनकडे नाही, तिच्याकडे बघत बोलले.

"एक सेहेचाळीस राहू दे, ते आता लागणार नाही. तू गेटवर उभा राहणार ना? मग वहिनीचा आकडा धर. दहा तास अठरा मिनिटं. मी येतोय."